वेडी बाभूळ काढल्यावर नदीकाठ उघडा ठेवू नका

मराठवाड्यातल्या मांजरा, तेरणा, दुधना या नद्यांच्या काठची वेडी बाभूळ (बाहेरून आलेलं काटेरी झाड, प्रोसोपिस) जेसीबीने एका दमात सपाट करू नका. काळ्या मातीचा उघडा काठ पहिल्याच पुरात ढासळतो. एक आड एक पट्टा उन्हाळ्यात काढा, उरलेले पुढच्या वर्षी.

नुसती तोडलेली वेडी बाभूळ बुडातून पुन्हा फुटते, म्हणून बुंध्याभोवती खणून जमिनीखाली वीतभर खोल, मुळाच्या गाठीसकट छाटा. काठावर बेशरम (ओल्या जागी माजणारं झुडूप) असेल तर तिचे तुकडे पाण्यात टाकू नका. कांडी जिथे अडकेल तिथे रुजते. ती उंच, कोरड्या जागी वाळवा.

उभी दरड उतरती करून घ्या. दोन-तीन चांगले पाऊस झाले की पाण्यालगत वाळा (खस, खोल मुळांचं गवत) लावा. पाने वीतभर ठेवून छाटायची, दोन-तीन फुटव्यांचा एक ठोंब, दोन ठोंबांत १५ सेंटीमीटर. ओळ उताराला आडवी हवी. उभी ओळ पाण्याला वाटच करून देते! वाळ्याच्या वरच्या बाजूला निर्गुडीच्या हातभर काड्या, दोन तृतीयांश जमिनीत. माथ्यावर करंज, अर्जुन, जांभूळ, ३-४ मीटरवर. सप्टेंबरच्या पुराआधी मुळं धरायला हवीत, त्यामुळे लागवड जुलैपुढे ढकलू नका.

करंज-निर्गुडीला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, जांभळाला मात्र काटेरी कुंपण हवंच. त्यासाठी वेडी बाभूळ चालते, पण शेंगा झाडून. जनावरांनी शेंगा खाल्ल्या की शेणातून बी पसरतं. ती रोपं बोटभर असतानाच, ओल्या मातीत, मुळासकट उपटा.