महापालिकेच्या शाळेचा पट कसा वाचावा

पट घटला की शिक्षकांची पदं कमी होतात, तुकड्या एकत्र केल्या जातात आणि एखादी शाळा शेजारच्या शाळेत विलीनही होते. हे निर्णय ज्या आकड्यांवर ठरतात, ते पालकांना वाचता आलेच पाहिजेत. मुंबई महापालिकेच्या शाळेतले सहावी ते आठवीचे वर्ग घेऊन ते पाहू.

आधी शाळेचा युडायस क्रमांक, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी नोंदणीतला तिचा क्रमांक मिळवा. तो अकरा अंकी असतो आणि महाराष्ट्रात 27 ने सुरू होतो. मुंबईत एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा भरतात आणि प्रत्येकीचा क्रमांक वेगळा असतो. त्यामुळे ‘आपल्या शाळेत मुलंच नाहीत’ असं कुणी म्हणालं, तर कोणत्या माध्यमाच्या शाळेबद्दल बोलताय, हे आधी विचारा. हा क्रमांक युडायस प्लसच्या संकेतस्थळावर टाकला की शाळेची माहिती दिसते.

आता निदान तीन वर्षांचे इयत्तावार आकडे एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. बहुतेक जण इथे चुकतात. ते एकाच वर्षाची सहावी आणि आठवी ताडून गळती मोजतात, पण ती मुलंच वेगळी असतात. आकडे तिरके वाचा. समजा, 2022-23 ला सहावीत 60 मुलं होती, पुढच्या वर्षी सातवीत 54 आणि त्यापुढच्या वर्षी आठवीत 31. ही एकाच तुकडीची वाटचाल आहे. आठवीत कमी झालेली 23 मुलं शाळाबाह्यच झाली असं मात्र लगेच धरू नका. आपल्याकडे सातवीनंतर दाखला काढून माध्यमिक शाळेत जाण्याची पद्धत जुनी आहे. किती दाखले गेले आणि किती मुलं दाखला न नेताच यायची थांबली, हे मुख्याध्यापकांना विचारा. खरी काळजी त्या दुसऱ्या आकड्याची. सातवीच्या 54 मध्ये नव्याने आलेली मुलंही असू शकतात, म्हणजे सोडून गेलेली सहापेक्षा जास्त असतील. आणखी एक: 2022-23 पासून युडायसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. त्याआधीचे आकडे शाळा एकत्रित भरत, म्हणून जुन्या-नव्यांची थेट तुलना जपून करा.

मुली, सामाजिक प्रवर्ग आणि दिव्यांग मुलं यांचे आकडेही असेच तिरके बघा. वर्गात वीसच मुलं असतील तर टक्केवारी काढू नका, एका मुलीच्या जाण्याने ती पाचने हलते. प्रवर्ग आणि अल्पसंख्याक हे तक्ते वेगळे असतात. एकच मूल दोन्हींत मोजलेलं असतं, त्यांची बेरीज करू नका.

मग शिक्षक. शिक्षण हक्क कायद्यानुसार या वर्गांना दर 35 मुलांमागे एक शिक्षक हवा. सरासरीवर समाधान मानू नका. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक हवा, असंही तोच कायदा सांगतो. पट शंभराच्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापकही हवा.

शेवटी पट आणि हजेरी ताडून बघा. कागदावरच्या पटाचा प्रश्न इतका मोठा झाला होता की 2011 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी करावी लागली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. सणासुदीचे आणि गावी जाण्याचे दिवस सोडून एखाद्या साध्या आठवड्याची इयत्तावार हजेरी समितीच्या पुढच्या बैठकीत मागा आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्या.