पावसाळ्याआधी मायक्रोवेव्ह लिंकचा हिशेब: हाताशी काय हवं

मायक्रोवेव्ह लिंक म्हणजे दोन टॉवरवरच्या डिशमधला रेडिओ दुवा; जोराचा पाऊस त्याचा सिग्नल पाडतो. टॉवरचे अक्षांश-रेखांश, हॉपचं (दोन टॉवरमधल्या टप्प्याचं) अंतर, फ्रिक्वेन्सी, डिशचा गेन (सिग्नल एका दिशेला एकवटण्याची ताकद). हे कुणी विसरत नाही, पुढे चला.

पावसाचा आकडा हवा, आणि तो मिनिटाचा. तासाचा नको, सकाळी साडेआठचा चोवीस तासांचा तर मुळीच नको. रत्नागिरीत दिवसात २०० मिमी पडला, यावरून लिंकबद्दल काहीच कळत नाही. तो दिवसभर रिपरिपला असेल किंवा दोन-चार सरींत कोसळला असेल, आणि सिग्नल पाडते ती सर. ०.२ मिमीचं टिपिंग बकेट (पर्जन्यमापकातलं, म्हणजे गेजमधलं, भरलं की उलटणारं भांडं) मिनिटात १० वेळा उलटलं, तर दर तासाला १२० मिमी. असे सगळ्या मिनिटांचे दर उतरत्या क्रमाने लावा. हिशेब सगळ्यात जोराच्या ०.०१ टक्के वेळेवर होतो, म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटं. एका वर्षाच्या यादीत त्रेपन्नावा आकडा तुमचा. पण एका वर्षावर भागवू नका. पानं अडकून गेज तुंबलं होतं त्या मिनिटांत शून्य भरू नका, ती मोजणीतून काढा. नोंदच नसेल तर आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.८३७ या शिफारशीतला दर घ्या; तोही मिनिटाचाच आहे.

फरक बघा. १८ गिगाहर्ट्झ, व्हर्टिकल (उभी) लहर, खाडीपलीकडे १० किमीचा हॉप. तासाच्या नोंदीतले ४० मिमी घातले तर आयटीयूच्याच पी.५३० च्या सूत्राने सिग्नलची घट येते सुमारे २० डीबी. त्याच पावसाचा मिनिटाच्या नोंदीतला दर तासाला १०० मिमी निघाला तर ४२ डीबी. वीसच्या मार्जिनवर (घट सोसायला राखलेल्या जादा सिग्नलवर) ती लिंक पहिल्याच जोराच्या सरीत बसते. कुणीही पावसाचा आकडा दिला की आधी विचारा: किती मिनिटांचा?

पोलरायझेशन (लहरीच्या कंपनाची दिशा) व्हर्टिकलच. मोठे थेंब आडवे चपटे होतात. म्हणून याच हॉपला हॉरिझॉन्टलवर (आडव्या लहरीवर) ४२ चे ५३ होतात. आणि किलोमीटरमागे ७.८ डीबी म्हणून सरळ दहाने गुणू नका. सर अख्ख्या हॉपवर सारख्या जोराने नसते. सूत्र इथे साधारण साडेपाच किमीच धरतं.

स्पेस डायव्हर्सिटीचा (एकाच टॉवरवर वर-खाली दोन डिश लावण्याचा) पावसात उपयोग शून्य. लांब हॉप ७ गिगाहर्ट्झवर न्या. ओल्या रॅडोमचे (डिशवरच्या झाकणाचे) एक-दोन डीबी वेगळे धरा, सूत्रात ते नाहीत. कनेक्टरना टेप, खारी हवा आहे. कोरड्या दिवसाची रिसीव्ह लेव्हल लिहून ठेवा. सिग्नल पडून मॉड्युलेशन उतरल्यावर, म्हणजे लिंकची क्षमता घटल्यावर, कुठलं ट्रॅफिक आधी सोडायचं ते ठरवा. गेजचा लॉगर (नोंद ठेवणारं यंत्र) बरेचदा १५ मिनिटांवर लावलेला असतो. मे संपायच्या आत तो १ वर आणा.