वीज नेमकी जाते कुठे? आधी मीटर बघा, मग सवयी बदला

चार्जर काढून ठेवा, दिवे विझवा हा सल्ला खोटा नाही. पण तेवढ्याने बिल फारसे हलत नाही. मोबाइलचा चार्जर नुसता सॉकेटात राहिला तर वर्षभरात जेमतेम एक-दोन युनिट खातो. पाणी तापवणारी, खोली थंड करणारी आणि चोवीस तास चालणारी यंत्रे खरी वीज ओढतात. हिशोब सोपा आहे: 1000 वॉटचे यंत्र 1 तास चालले की 1 युनिट.

सुरुवात मीटरपासून करा. रात्री दिवे, पंखे, सगळे बंद करा आणि फ्रिजची पिनही अर्ध्या तासापुरती काढा (दार उघडू नका, आतले काही बिघडणार नाही). आता मीटरवरचा लुकलुकणारा लाल ठिपका पाहा. त्याच्या शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. तो 3200 असेल आणि ठिपका दर 11 सेकंदांनी पेटत असेल, तर ‘सगळे बंद’ असतानाही सुमारे 100 वॉट जात आहेत. म्हणजे महिन्याला 72 युनिट. मग एकेक पिन काढत चला. ठिपक्याचे लुकलुकणे ज्या क्षणी मंदावेल तिथे चोर सापडला. बहुतेक वेळा तो टीव्ही नसतो, टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स असतो. रिमोटने बंद केला तरी बरेच बॉक्स जवळपास पूर्ण वीज घेत राहतात. 10 वॉटचा बॉक्स महिन्याला 7 युनिट खातो. त्याला भिंतीवरच्या बटणानेच बंद करायची सवय लावा.

गरम पाण्यावर सगळ्यात जास्त लक्ष द्या. 20 अंशांचे पाणी 40 अंशांवर नेण्यासाठी 15 लिटरच्या बादलीला सुमारे 0.35 युनिट लागते. मिनिटाला 10 लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली 8 मिनिटे उभे राहिले तर 1.8 युनिटच्या वर जाते. तेवढ्या विजेत 9 वॉटचा एलईडी दिवा 200 तास जळतो! त्यामुळे दिवा विसरल्याबद्दल मुलांना ओरडण्याआधी शॉवरचे घड्याळ बघितलेले बरे.

साठवणीचा गीझर दिवसभर चालू ठेवू नका. टाकीतले पाणी निवत राहते, थर्मोस्टॅट (ठरवलेले तापमान राखणारा भाग) ते पुन्हा पुन्हा तापवतो. 2000 वॉटच्या 15 लिटर गीझरला 20 अंशांवरून 60 अंशांवर जायला साधारण 21 मिनिटे लागतात, 25 लिटरला 35. तेवढाच आधी लावा आणि सगळ्यांच्या आंघोळी एकापाठोपाठ उरका. थर्मोस्टॅट 60 च्या आसपास ठेवा. बचतीसाठी तो 45 वर आणून कोमट पाणी दिवसेंदिवस टाकीत ठेवणे चांगले नाही, त्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढू शकतात. वेळ कमी करा, तापमान नको. आणखी एक गैरसमज: कॉइलवर क्षार साचले की वीज खूप वाढते. तसे होत नाही, उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण कॉइल आतल्या आत जास्त तापून जळते. म्हणून क्षार काढायचे.

एसी 18 वर लावला की खोली लवकर थंड होते, ही समजूत साध्या (इन्व्हर्टर नसलेल्या) एसीला तर अजिबात लागू नाही. त्याचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो. 18 वर तो फक्त उशिरा थांबतो, किंवा थांबतच नाही. 25-26 वर ठेवून पंखा हळू लावा. जाळी पंधरा दिवसांनी धुवा, कारण धुळीने हवा अडली की गारवा कमी आणि चालण्याचा वेळ जास्त. पंख्याचे मात्र उलटे आहे: तो खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. खोलीत माणूस नसेल तर त्याचा उपयोग शून्य. जुना मोठा खोक्यासारखा रेग्युलेटर असेल तर वेग कमी करूनही फारशी बचत होत नाही, कारण उरलेली वीज तो स्वतः तापून घालवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा.

फ्रिजमध्ये 4 अंश, फ्रीझरमध्ये उणे 18 पुरे. दारात कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर रबर सैल आहे. आधी साबणाच्या कोमट पाण्याने पुसून पाहा, अनेकदा चिकट घाणीमुळेच ते बसत नाही. बर्फाचा थर 5 मिलिमीटरच्या वर गेला की तो काढा, पण चाकूने खरवडून नव्हे. फ्रिजच्या आतली गॅसची नळी फुटली तर दुरुस्ती महाग पडते. मागे चार बोटे जागा सोडा.

स्वयंपाकाला झाकण. पाणी उकळल्यावर आच बारीक करा, मोठ्या आचेने उकळते पाणी आणखी तापत नाही, नुसती वाफ होते. ज्वाला भांड्याबाहेर आली तर तो गॅस हवेलाच. ज्योत पिवळी दिसली की बर्नरची भोके साफ करा. वॉशिंग मशीन पूर्ण भरून, थंड पाण्यावर. इस्त्री एकदम सगळ्या कपड्यांना, आणि शेवटचे दोन कपडे बटण बंद करून.

फरक मोजताना मागच्या महिन्याशी नाही, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. हवा बदलली की आकडे आपोआप वर-खाली होतात, आणि श्रेय भलत्याच सवयीला जाते.