घरी कलप लावायचा? आधी कानामागे, मग केसांना

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या किराणा दुकानांत टांगलेल्या पाकिटांच्या माळा भराभर रिकाम्या होतात. पाकिटावर मेंदीच्या हिरव्या पानांचं चित्र आणि नाव 'काळी मेंदी'. मीही चार वर्षं तेच आणत होते. पाचव्या वर्षी नणंदेच्या मुलीची हळद होती, म्हणून आदल्या रात्री लावली. सकाळी उठले तर कपाळ सुजलेलं, डोळे अर्धेच उघडत होते आणि कानामागून पाणी झिरपत होतं. अख्खी हळद मी मागच्या खोलीत पडून नुसती ऐकली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "आधी कानामागं लावून बघितलं होतं काय?"

नव्हतं बघितलं. चार वर्षं काही झालं नाही, आता काय होणार, असं धरून चालले होते. आणि नेमकं तिथंच चुकलं.

मेंदी काळी नसते. तिच्या पानातला रंग तांबूस-केशरीच चढतो. अर्ध्या तासात केस काळेभोर करणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रंगाचं रसायन असतं. पॅराफेनिलीनडायअमिन हे त्याचं पूर्ण नाव. पेटीतल्या क्रीम कलपांतही ते किंवा त्याचं एखादं भावंड असतंच. त्याची ॲलर्जी पहिल्या वेळी येईल असं नाही, दहाव्या वेळीही येते. एकदा आली की सहसा जन्मभराची, आणि पुढची खेप आधीपेक्षा वाईट. आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पाकिटावर 'अमोनिया नाही' असं लिहिलं म्हणजे पीपीडी नाही, असा अर्थ होत नाही. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागतो, लावा.

म्हणून पहिली पायरी दोन दिवस आधीची. कलपाचा थेंबभर भाग पत्रकात सांगितलं असेल तसा कालवून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लावा. पत्रकात सांगितलंय तेवढा वेळ ठेवा, धुवा आणि पुढचे ४८ तास त्या जागेवर लक्ष ठेवा. खाज, लाली, पुरळ, आग यातलं काहीही दिसलं तर ती पेटी कुणाला देऊही नका, टाकून द्या. दर वेळी हे करायचं, जुनाच ब्रँड असला तरी. आमच्या शेजारच्या अक्का म्हणतात, "दोन दिस कोण थांबतंय गे, उद्या वाङ्निश्चय हाय." उद्या वाङ्निश्चय असेल तर अंबाड्यावर गजरा माळून जा. पांढऱ्या केसांनी कुणाचा वाङ्निश्चय मोडत नाही. मुळात कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कलप लावूच नये. चार दिवस आधी लावला तर कपाळावरचे डाग जातात आणि रंगाचा नवेपणाही थोडा ओसरतो.

छटा निवडताना मी एक ठाम सांगेन. पूर्ण काळा घेऊ नका. डब्यावर १ लिहिलेला काळा, ३ गडद तपकिरी आणि ४ मध्यम तपकिरी, असा साधारण हिशेब असतो. आपल्या इकडच्या केसांना ३ सहसा शोभतो. काळाकुट्ट रंग चाळिशीनंतर चेहऱ्यावर टोपी घातल्यासारखा दिसतो आणि पंधरा दिवसांत मुळाशी पांढरी रेघ ठसठशीत उठते. तपकिरीत ती लवकर डोळ्यांत भरत नाही.

दिवस कोणता, तर नळाला पाणी येईल तो. बेळगावात हे सांगायला लागत नाही, तरी सांगते. केस खळखळून धुवायला मला लांब केसांसाठी तीन बादल्या लागतात. अर्ध्यात पाणी संपलं तर कलप टाळूवर तसाच राहतो. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचा तांब्या तरी नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याचा घ्या, केस कमी राठ लागतात.

केस आदल्या दिवशी शिकेकाई किंवा शांपूने धुऊन ठेवा आणि त्यानंतर तेल लावू नका. वडगाव, खासबागेकडे सूत रंगवणारी माणसं ओळखीची असतील तर विचारा, तेलकट सुतावर रंग धरत नाही. केसांचंही तसंच. पण त्याच दिवशी धुऊन घासून टाळू कोरडी केली तर कलप चुरचुरतो. टाळूला ओरखडा, खरूज, फोड काही असेल तर बरं होईपर्यंत थांबा.

आता सामान. प्लास्टिकचा वाडगा, कलपाचा ब्रश, हातमोजे, चार चिमटे, जुना गाऊन, जुना टॉवेल. स्टीलची किंवा लोखंडाची वाटी नको. फरशीवर वर्तमानपत्रं पसरा, शहाबादी फरशीला पडलेला डाग निघता निघत नाही. कपाळाच्या कडेला, कानांवर आणि मानेवर खोबरेल किंवा व्हॅसलिन बोटभर रुंदीत लावा, पण केसांत जाऊ देऊ नका.

मग क्रीम आणि डेव्हलपर पत्रकात दिलेल्या प्रमाणातच मिसळा. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. पांढरे केस झाकायला बहुतेक ६ टक्क्यांचा येतो. "लवकर धरेल" म्हणून जास्त ओतला तर रंग गडद होत नाही, केस मात्र झाडूसारखे होतात. कालवल्यावर लगेच वापरा. उरलेला बाटलीत भरून बूच लावू नका, आत गॅस साठतो आणि बाटली फुगते.

केसांचे चार भाग करा. मधला भांग कपाळापासून मानेपर्यंत, मग कानापासून कानापर्यंत. आरशासमोर मागची बाजू दिसत नाही, म्हणून मुलीला, जावेला हाक मारा. आमच्या घरी मागचे दोन भाग सासूबाई लावतात आणि त्यांचे मी. सुरुवात कानशिलांजवळून. तिथले पांढरे केस चिवट असतात, रंग उशिरा धरतात. बोटाएवढी बट घ्यायची, मुळाशी ब्रश टेकवायचा आणि खाली ओढायचा. घासायचं नाही. ब्रश हलका ठेवला की बट ओली चमकते आणि खालच्या केसांना डाग लागत नाही.

पहिल्यांदाच लावत असाल तर मुळापासून टोकापर्यंत लावा. नंतर दर खेपेला फक्त नव्याने वाढलेली मुळं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे पाच-सहा आठवड्यांनी बोटाच्या पेराएवढी पट्टी रंगवायची असते. टोकांवर दर वेळी थापला तर टोकं काळीठिक्कर आणि तुटकी होतात. फार फिकी झाली असतील तर शेवटची पाच मिनिटं खाली ओढून घ्या.

वेळ घड्याळावर धरा, अंदाजाने नाही. पत्रकात ३० मिनिटं असतील तर ३०. उन्हात बसू नका, पंख्याखालीही नको, केसांवरच वाळतो. आग होऊ लागली तर वेळ संपायची वाट न पाहता धुऊन टाका. भुवयांना, पापण्यांना कधीही लावू नका. डोळ्याला इजा होऊ शकते, म्हणून पीपीडीच्या पाकिटावर तसा इशारा छापणं आपल्या नियमांत बंधनकारक आहे. पुरुषमंडळी मिशीला सर्रास लावतात. ओठाची कातडी नाजूक असते, तिथे तर आधी चाचणी हवीच.

धुताना आधी थोडं कोमट पाणी घालून बोटांनी केस चोळा, मग पाणी नितळ येईपर्यंत धुवा. पाकिटातलं कंडिशनर लावा. शांपू दोन दिवस नको. रात्री उशीवर जुना टॉवेल घाला.

ज्यांना पीपीडी सोसत नाही, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, वेळखाऊ पण माझी आताची तीच. आधी खरी मेंदी. फक्त पानांची पूड, पाकिटावर दुसरा घटक नसावा. चहाच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवायची, केसांना दोन-तीन तास ठेवायची आणि साध्या पाण्याने धुवायची. केस केशरी होतात, घाबरू नका. मग नीळ, म्हणजे निळीच्या पानांची पूड. कपड्यांना घालायची नीळ नव्हे, ती चुकूनही नाही. ही पूड कोमट पाण्यात कालवून पंधरा मिनिटांनी लगेच लावायची, कारण हिचा जोर लवकर सरतो. दीड तास ठेवा. धुतल्यावर केस हिरवट दिसतील. निळीचा रंग हवेत उघडतो, दोन दिवसांत तो गडद तपकिरी-काळ्याकडे जातो. तेवढे दोन दिवस शांपू नाही. हिचीही चाचणी आधी कानामागेच, आणि पाकिटात आणखी काही मिसळलेलं नाही हे पुन्हा एकदा वाचून.

कलपाच्या पुड्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवा. पोटात गेल्या तर घसा सुजतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यावर घरगुती उपाय नाही. पाकीट बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठायचा.

आणि कॅलेंडरच्या त्या तारखेत छटेचा नंबर, किती मिनिटं ठेवला आणि कानामागच्या चाचणीचं काय झालं ते लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी पेटी आणायला गेल्यावर कुठला नंबर होता ते आठवत नाही.