रोहूचा प्रजनक साठा: वाण खालावू न देण्याची रीत

प्रजनक साठा म्हणजे पिल्लं घेण्यासाठी राखलेले नर-माद्या. एक किलो वजनाची रोहूची मादी एका हंगामात दोन लाखांच्या वर अंडी देते. म्हणजे दहा-बारा माद्यांत लहान हॅचरीची (माशांची पिल्लं तयार करणाऱ्या केंद्राची) सगळी मागणी भागते. वाण खालावायला सुरुवात होते ती याच सोयीतून, कारण मोजक्याच आई-बापांची पिल्लं पुढं जातात.

पूर्वी मत्स्यजिरे, म्हणजे माशांची नुकतीच जन्मलेली पिल्लं, नदीतून गोळा करत. त्यात शिकारी माशांची पिल्लं मिसळलेली असत, पण त्या जिऱ्यामागे असंख्य नर-माद्या असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथं हिरालाल चौधरींनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्पचं (रोहू-कटल्याच्या गटातल्या माशांचं) प्रजनन घडवलं आणि नदीवर विसंबून राहायचं कारण संपलं. त्याबरोबर नदीतली सरमिसळही गेली. ती आता हॅचरीवाल्यालाच घडवून आणावी लागते.

आधी हिशोब. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले ४, भागिले एकूण मासे. येणारा आकडा म्हणजे वंशवाढीच्या दृष्टीनं तुमच्याकडचे 'खरे' मासे. २५ नर आणि २५ माद्या असतील तर उत्तर ५० येतं. १० नर आणि ४० माद्या असतील, तर मासे तेवढेच असूनही ३२. या आकड्याच्या दुपटीनं १ ला भागलं की दर पिढीला वाढणारं अंतःप्रजनन (नात्यातल्या माशांचं मीलन) कळतं: पहिल्या साठ्यात १ टक्का, दुसऱ्यात जवळपास १.६, आणि पाचच जोड्या वापरल्या तर ५ टक्के. वाकडा कणा, कमी उबवण, रेंगाळणारी वाढ हे सगळं त्यामागून येतं, आणि दोष मात्र खाद्याला दिला जातो. नर कमी ठेवून तळ्यात जागा वाचवणं ही सर्वांत महागडी काटकसर.

विक्रीच्या बीजासाठी नेहमीची गोल टाकी चालेल. पुढच्या पिढीचे प्रजनक मात्र तिथून घेऊ नका. एकत्र सोडलेल्या नरांपैकी मोजकेच बहुतेक अंडी फळवतात आणि कोणाची पिल्लं कोणती ते कळत नाही. प्रजनकांसाठी हंगामात काही जोड्या वेगवेगळ्या हाप्यांत (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यांत) लावा.

दोन ते चार वर्षांचे मासे निवडा. नराचा छातीचा पर हाताला खरखरीत लागतो, पोट हलकेच दाबलं की दुधट मिल्ट (वीर्य) येतं. मादीचं पोट मऊ, फुगीर आणि गुदद्वार लालसर. ओव्हाप्रिम हे प्रजननाचं संप्रेरक इंजेक्शन मादीला किलोमागे ०.३ ते ०.४ मिली, नराला ०.१ ते ०.२ मिली, पाठीचा पर आणि बाजूची रेषा यांच्यामधल्या स्नायूत एकदाच टोचा. संध्याकाळी टोचलं तर पहाटेपर्यंत अंडी पडतात. पाणी २६ ते ३१ अंशांत असलं की १४ ते १८ तासांत उबवण होते. मादीनं अंडी सोडलीच नाहीत, तर बहुतेकदा ती पुरती पिकलेली नसते; डोस वाढवून उपयोग नाही.

खरी मेख पुढं आहे. प्रत्येक जोडीची सारखीच पिल्लं ठेवा, समजा पाचशे-पाचशे. एका जोडीची वीस हजार जगली म्हणून तिची जास्त ठेवायची नाहीत. वाटा समान ठेवला तर वरचा 'खरा' आकडा जवळपास दुप्पट होतो. मोठे मासे विकून उरलेल्या बुटक्यांना प्रजनक करायची सवयही मोडा. ती उलटी निवड आहे.

वेगानं वाढणारा वाण घरीच घडवू पाहू नका. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा इथल्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेनं नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर जयंती रोहू घडवली. त्यासाठी गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्यांतले आणि संस्थेच्या फार्मवरचे मासे एकत्र केले, प्रत्येक कुटुंब आधी वेगळं वाढवलं, मग माशांना खुणेच्या चिप लावून एकाच तळ्यात त्यांची तुलना केली. वाण १९९७ मध्ये बाहेर आला. वाढीत दर पिढीला सरासरी १७ टक्के फायदा मिळाला. हे बीज आणताना एकाच दिवसाच्या एकाच टाकीतलं घेऊ नका, ती सगळी सख्खी भावंडं निघू शकतात. दोन-तीन खेपा वेगवेगळ्या हंगामांत आणा आणि प्रत्येक खेपेची वेगळी नोंद ठेवा.

रोहू आणि कटला एकाच टाकीत टोचू नका. दोघांचा संकर होतो आणि त्या संकरालाही पुढं पिल्लं होतात. रोहूपेक्षा मोठं डोकं आणि कटल्यापेक्षा निमुळतं अंग असा मासा प्रजनक तळ्यात दिसला, तर त्याला बाजाराच्या टोपलीत टाका.