जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स: उघडण्याआधी दोष कसा शोधावा

गिअर नीट पडत नाही अशी तक्रार घेऊन जुनी बुलेट गॅरेजमध्ये गेली की बहुतेक ठिकाणी पहिला पाना थेट गिअरबॉक्सच्या नटांना लागतो आणि गाडीचे खरे दुखणे तिथूनच सुरू होते. माझ्या अनुभवात अशा तक्रारींपैकी बऱ्याच गिअरबॉक्सच्या आतल्या नसतातच. त्या क्लचच्या असतात, तेलाच्या असतात किंवा पॅडलमागच्या एका छोट्या पट्टीच्या असतात. म्हणून हा लेख बॉक्स उघडण्याविषयी नसून, तो उघडण्याची खरोखर गरज आहे का हे ठरवण्याविषयी आहे.

येथे उजव्या पायाच्या गिअरची, अल्बियन कंपनीच्या चार गिअरच्या बॉक्सची रॉयल एनफिल्ड बुलेट गृहीत धरली आहे. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली आणि पॅडलशेजारी न्यूट्रल फाइंडरचा, म्हणजे वरच्या गिअरमधून थेट न्यूट्रलमध्ये आणणारा, वेगळा दांडा, अशी तिची ओळख. इंग्लंडमधील रेडिचच्या कारखान्यातून १९४९ पासून निघालेल्या ३५० सीसी बुलेटला हाच बॉक्स होता. १९५५ साली मद्रासमध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली ती याच रचनेने आणि पुढे कित्येक दशके ती तशीच राहिली. त्यामुळे गाडी इंग्लंडमध्ये बनलेली असो वा मद्रासमध्ये, दोष शोधण्याची पद्धत बदलत नाही.

गाडी मेन स्टँडवर घ्यावी आणि विटवर्थ मापाचे (जुन्या इंग्रजी इंच-पद्धतीचे) पाने जवळ ठेवावेत. जवळपास बसतो म्हणून मिलिमीटरचा पाना लावणाऱ्याने जुन्या इंग्रजी गाडीला हात लावू नये.

तक्रार नेमकी करावी

"गिअर उडतो" एवढ्यावर काहीही ठरत नाही. कोणता गिअर सुटतो, मूठ पिळून ओढ दिल्यावर सुटतो की मूठ सोडल्यावर, इंजिन थंड असताना त्रास होतो की तापल्यावर, हे एका फेरीत तपासून कागदावर लिहून घ्यावे. एकच गिअर सुटत असेल आणि तोही ओढ असतानाच, तर त्या गिअरचे डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे जाड दात) किंवा फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजल्याचा संशय रास्त ठरतो. सगळेच गिअर कधी बसतात, कधी बसत नाहीत असे असेल, तर दोष सर्व गिअरांना सामाईक असलेल्या भागात शोधावा. चारही गिअरांचे डॉग एकाच महिन्यात झिजत नाहीत.

आधी क्लच

गाडी उभी असताना पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येणे, चालू इंजिनवर थांबलेल्या गाडीत न्यूट्रल न सापडणे आणि इंजिन बंद केल्याबरोबर तेच न्यूट्रल सहज मिळणे, ही तिन्ही लक्षणे क्लच पूर्ण सुटत नसल्याची आहेत. मेन स्टँडवर क्लच दाबून पहिला गिअर टाकला की मागचे चाक थोडे फिरतेच, कारण तेलाची ओढ असते. मात्र मागच्या ब्रेकच्या हलक्या स्पर्शाने ते थांबले पाहिजे. थांबत नसेल, किंवा ब्रेक लावताच इंजिन दबत असेल, तर क्लच ओढतो आहे. केबलचा ढिलेपणा, पुशरॉडचे (क्लच उघडणाऱ्या दांडीचे) अ‍ॅडजस्टमेंट आणि प्रेशर प्लेट (क्लचच्या चकत्या दाबून धरणारी प्लेट) सरळ उचलली जाते का, हे याच क्रमाने पाहावे. प्राथमिक चेनचे (इंजिनपासून क्लचपर्यंतच्या चेनचे) झाकण मध्यभागीच्या एका नटावर उतरते, त्यामुळे प्लेट तिरकी उचलली जाते की नाही हे डोळ्यांनी पाहण्यात आळस करण्याचे कारण नाही. क्लचच्या स्प्रिंगा कमी-जास्त कसल्या असतील तर प्लेट एका बाजूला आधी उघडते आणि दुसऱ्या बाजूला चिकटून राहते.

किक घसरत असेल तर किकच्या रॅचेटला (एकाच दिशेने पकडणाऱ्या दात्यांना) दोष देण्याआधी हेच झाकण काढून पाहावे. या गाडीत किकचा जोर गिअरबॉक्स आणि क्लचमधूनच इंजिनपर्यंत जातो. पिस्टन दाबावर आणून किकवर हळूहळू वजन द्यावे. क्लचचा बाहेरचा ड्रम थांबलेला आणि मधला भाग फिरताना दिसला, तर क्लच घसरतो आहे. मधला भागही हलला नाही आणि किक मात्र खाली गेली, तर रॅचेट गेले.

तेल आणि आवाज

गाडी फिरवून आणून तेल गरम असतानाच खाली काढावे आणि ते पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत घेऊन उन्हात तिरपे करून पाहावे. चुंबकाला लागलेला राखाडी, मऊ लगदा ही रोजची झीज आहे. तेलात सोनेरी झाक तरंगत असेल तर बुश (शाफ्ट ज्यांत फिरतात त्या पितळी-काशाच्या नळ्या) झिजताहेत. नखाला टोचणारे पोलादाचे कोपरे मिळाले तर ते डॉगचे तुकडे आहेत आणि मग पुढचे बाहेरचे उपाय करण्यात वेळ घालवू नये, बॉक्स उघडावा. गिअरबॉक्समध्ये घट्ट ग्रीस ठासण्याची सवय अजूनही काही मेस्त्रींना आहे. दाते त्या ग्रीसमध्ये आपल्यापुरता बोगदा कापतात आणि बुश कोरडेच राहतात. तसेच जीएल-५ दर्जाचे (जास्त दाबासाठीचे) गिअर तेलही मी या बॉक्सला देत नाही, कारण त्यातील गंधकयुक्त घटक पितळी-काशाच्या बुशांना मानवत नाहीत.

आवाजाची परीक्षा सोपी आहे. उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लच दाबावा. आवाज थांबला तर तो बॉक्सच्या मेनशाफ्टच्या (क्लचला जोडलेल्या मुख्य दांड्याच्या) बाजूचा, थांबला नाही तर क्लचचा किंवा प्राथमिक चेनचा. गाडी चालवताना पहिल्या तीन गिअरांत येणारी गुरगुर चौथ्यात नाहीशी होत असेल, तर लेशाफ्टकडे (मेनशाफ्टला समांतर असलेल्या दुसऱ्या दांड्याकडे) पाहावे. चौथ्या गिअरमध्ये मेनशाफ्ट आणि स्लीव्ह गिअर (मागच्या चेनला जोर देणारा गिअर) थेट जोडले जातात आणि लेशाफ्टवर भार राहत नाही. मूठ सोडताना आणि परत देताना येणारा धक्का मात्र पुष्कळदा मागच्या हबमधील झिजलेल्या रबरांचा असतो.

खरी गुंतागुंत: पॅडलमागची अ‍ॅडजस्टर पट्टी

आता ज्या टप्प्यावर चांगले चांगले मेस्त्री चुकतात आणि ज्याने मलाही बराच काळ हुलकावणी दिली, त्याकडे वळू. क्लच ठीक आहे, तेलात पोलाद नाही आणि तरीही गिअर बदलताना मधेच खोटे न्यूट्रल लागते (दोन गिअरांच्या मधे कोणताच गिअर बसत नाही), तर पॅडलमागचे छोटे झाकण उघडावे. तेथे रॅचेटची यंत्रणा आणि दोन नटांनी धरलेली अ‍ॅडजस्टर पट्टी दिसते. नट ढिले केले की ही पट्टी थोडी इकडेतिकडे सरकते. पट्टी योग्य जागी असेल तर पॅडल वर आणि खाली दोन्ही दिशांना जवळजवळ सारखेच हलल्यावर रॅचेटचे दात पकडतात.

या पट्टीविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की ती सरकवल्याने पॅडलची चाल वाढते. ती वाढत नाही. पट्टी फक्त एका दिशेची चाल कमी करून दुसऱ्या दिशेला देते. म्हणून नटाला पाना लावण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा असतो: दोष एका दिशेचा आहे की दोन्ही दिशांचा? खालच्या दिशेने, म्हणजे दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना गिअर अर्धवट बसतात आणि परत येताना मात्र जास्तच पुढे जातात, तर पट्टी चुकीच्या जागी आहे. दोन्ही दिशांना गिअर अपुरेच पडत असतील, तर पट्टी कितीही सरकवली तरी काही साधणार नाही; रॅचेटचे दात, त्याच्या स्प्रिंगा किंवा पॅडल बसते तो दांडा झिजला आहे आणि ते भाग बदलावे लागतील. ही विभागणी न करता पट्टीशी खेळणारा माणूस दुपारभर नट ढिले-घट्ट करत बसतो आणि शेवटी बॉक्स उघडतो, ज्याच्या आत काहीही बिघडलेले नसते.

प्रश्न सोडवण्यासाठी न्यूट्रल फाइंडरचा दांडा कामी येतो. पॅडल प्रत्येक वेळी आपल्या जागी परत येते, त्यामुळे आतली यंत्रणा कुठे थांबली हे ते सांगत नाही. न्यूट्रल फाइंडर मात्र प्रत्येक गिअरबरोबर स्वतः हलतो. इंजिन बंद ठेवून मागचे चाक हाताने पुढेमागे हलवत पॅडलने एक गिअर टाकावा, पॅडल सोडावे आणि मग न्यूट्रल फाइंडरला बोटांनी त्याच दिशेला किंचित ढकलावे. तो थोडा पुढे सरकून खट्कन बसला, तर पायाने दिलेली चाल अपुरी पडली होती. उलट दिशेला ढकलल्यावर तो मागे येऊन बसला, तर चाल जास्त झाली होती. तो दोन्हीकडे ठाम राहिला, तर गिअर नीट बसलेला आहे. सर्व गिअरांत, दोन्ही दिशांना ही चाचणी करून निकाल लिहून ठेवावेत. चाक न हलवता ही चाचणी करू नये, कारण डॉग समोरासमोर आले तर निर्दोष बॉक्सही गिअर घेत नाही आणि निकाल खोटा येतो.

पट्टी सरकवण्याआधी तिची मूळ जागा टोकदार सुईने खरवडून ठेवावी; ही खूण पुढे फार उपयोगी पडते. मग दोन्ही नट जेमतेम ढिले करून पट्टी अगदी थोडी, म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल इतकीच सरकवावी, नट पुन्हा आवळावेत, पॅडल तात्पुरते बसवावे आणि संपूर्ण चाचणी परत करावी. त्रास वाढला तर दिशा चुकली. खुणेवर परत येऊन उलट दिशेने जावे. नट अर्धवट आवळून चाचणी केल्यास पट्टी आपणहून सरकते आणि सारे निकाल निरर्थक ठरतात. पट्टी टोकापर्यंत नेऊनच गिअर पडू लागले, तर तेही समाधानकारक मानू नये, कारण तेवढी झीज पट्टीने झाकली जाते, भरून निघत नाही.

पट्टी बसवल्यानंतर रस्त्यावर गिअर घ्यावेत, पण पॅडलला लाथ मारू नये. पाय शेवटपर्यंत दाबून क्षणभर तसाच ठेवावा, मग क्लच सोडावा. अल्बियन बॉक्स संथ पायाचा आहे आणि आधुनिक गाडीच्या सवयीने तो चालवणाऱ्याला निर्दोष बॉक्समध्येही खोटे न्यूट्रल मिळते.

न्यूट्रल फाइंडर सर्वांत शेवटी

न्यूट्रल फाइंडरची चाल झाकणावरच्या विकेंद्री (मध्यापासून बाजूला छिद्र असलेल्या) स्टॉपने मर्यादित होते. स्टॉपचा बोल्ट ढिला करून तो फिरवावा आणि दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गिअरमधून न्यूट्रल मिळते का पाहावे. पहिल्या गिअरमधून ते मिळत नाही. तशी रचनाच आहे, ती दुरुस्त करत बसू नये.

इतर इंग्रजी गाड्यांविषयी एक इशारा

बुलेटचा बॉक्स इंजिनच्या क्रँककेसला मागून घट्ट बोल्ट केलेला असतो. जुन्या बीएसए किंवा नॉर्टनमध्ये बॉक्स वेगळा असतो आणि प्राथमिक चेन ताणण्यासाठी तो सरकवावा लागतो. तो तिरपा बसला तर चेनचा आवाज गिअरचा वाटतो. नॉर्टन कमांडोवर किकचा दांडा चालत्या गाडीत आपोआप हलू लागला, तर लेशाफ्टचे बेअरिंग निकामी होत आहे असे समजून गाडी तिथेच थांबवावी, कारण बॉक्स जाम झाल्यास मागचे चाक अडकते.

एवढे करूनही बुलेटचा एखादा ठरावीक गिअर ओढीवर सुटतच असेल, तर आता बॉक्स उघडावा. उघडल्यावर त्या गिअरच्या डॉगच्या कडा, फोर्कची टोके आणि कॅमप्लेटच्या (फोर्क हलवणाऱ्या प्लेटच्या) खाचेत बसणारा प्लंजर, म्हणजे स्प्रिंगवरची खुंटी, हे तिन्ही एकत्र तपासावेत. डॉगच्या कडा गोल झाल्या असतील तर दोन्ही जोडीदार गिअर एकत्रच बदलावेत आणि प्लंजरची स्प्रिंग चांगली दिसत असली तरी नवी घालावी.