नवा स्पीकर खरंच चांगला, की नुसता मोठा? गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर बदलताना या चुका टाळा

अ‍ॅम्पचा मूळ स्पीकर काढून नवा बसवला की पहिल्या कॉर्डलाच माणूस म्हणतो, "वा, आता आवाजात जीव आला!" मीही म्हटलं होतं. दोन आठवड्यांनी सरावात ड्रमवाल्याने विचारलं, "आज एवढा मोठा का लावलायस?" मी तर एकही नॉब हलवला नव्हता. तेव्हा उजेड पडला. नवा स्पीकर चांगला आहे की नाही हे मला ठाऊकच नव्हतं, तो मोठ्याने वाजत होता एवढंच.

मोठ्या आवाजाला भुलणं

सगळ्या चुकांची आई हीच. स्पीकरच्या माहितीपत्रकात वॅट आणि ओहमच्या शेजारी सेन्सिटिव्हिटीचा आकडा असतो. १ वॅट दिला आणि १ मीटरवरून मोजलं तर किती डेसिबल, एवढाच त्याचा अर्थ. लोक वॅट वाचतात आणि हा आकडा सोडून देतात. मार्शलच्या '१९६०' नावाच्या कॅबिनेटमध्ये (स्पीकरच्या खोक्यात) येणारा सेलेस्टियन जी१२टी-७५ हा ९७ डेसिबलचा. त्याच्या जागी हमखास बसवला जाणारा व्हिंटेज ३० हा १०० डेसिबलचा. तीनचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण ३ डेसिबल वाढवायला अ‍ॅम्पची पॉवर दुप्पट लागते. म्हणजे ५० वॅटचा अ‍ॅम्प काढून १०० वॅटचा ठेवला आणि वर म्हणायचं की स्पीकरचा टोन सुधारला!

त्यात कानाची एक खोड आहे. आवाज लहान असताना खर्ज आणि अगदी वरचे सूर कानाला कमी ऐकू येतात, मोठा केला की ते भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणून 'बेस भरीव झाला' असं वाटलं तर आधी आवाजाची पातळी बघा.

फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप यासाठी पुरतं; नव्या स्पीकरचा आवाज जुन्याइतका होईपर्यंत खाली आणा. आकडा अगदी अचूक नसला तरी बिघडत नाही, फक्त दोन्ही वेळा तोच फोन त्याच जागी हवा. एक अडचण मात्र आहे. ट्यूब अ‍ॅम्पचा (काचेच्या ट्यूबवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचा) मास्टर व्हॉल्यूम खाली आणला तर पॉवर ट्यूबचं काम बदलतं आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं फाटणंही. अशा वेळी अ‍ॅम्पला हात न लावता दोन्ही स्पीकर रेकॉर्ड करा आणि कॉम्प्युटरवर पातळी सारखी करून ऐका.

आठवणीवर भरवसा ठेवणं

मागचं पॅनेल उघडा, नट काढा, वायरी सोडवा, नवा बसवा. यात अर्धा तास सहज जातो. तेवढ्या वेळात आधीचा आवाज नेमका कसा होता हे कान विसरलेला असतो, खर्च केलेले पैसे मात्र लक्षात असतात!

म्हणून जुना स्पीकर काढण्याआधीच रेकॉर्डिंग करून ठेवा, आणि तेही हाताने वाजवून नको. लूपरमध्ये (वाजवलेलं साठवून पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या पेडलमध्ये) एक तुकडा भरा, थोडा क्लीन (न फाटलेला), थोडे पॉवर कॉर्ड, एखादी लीड, आणि तोच तुकडा दोन्ही वेळा अ‍ॅम्पला पाजा. हात आज जोरात पडतो, उद्या हलका; तो फरक स्पीकरच्या खात्यावर जमा व्हायला नको. नॉब्सचा फोटो काढा. माइक कुठे आणि किती अंतरावर आहे याची खूण जमिनीवर आणि ग्रिलच्या कापडावर चिकटपट्टीने करा. शुअरचा एसएम५७ माइक स्पीकरच्या मध्यावरून बोटभर बाजूला सरकला तरी आवाज इतका बदलतो की स्पीकर बदलल्याचा भास होतो.

मी आणखी एक करतो. जुन्याच स्पीकरचं रेकॉर्डिंग दोनदा घेतो, मध्ये माइक उचलून पुन्हा खुणेवर ठेवतो. या दोन फायलींतच फरक ऐकू आला, तर दोष माझ्या मांडणीत आहे. मग पुढची तुलना करण्यात अर्थ नाही.

घोट्याने ऐकणं

कॉम्बो अ‍ॅम्प (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) जमिनीवर, आपण दोन पावलांवर उभे. १२ इंची स्पीकरमधून वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात, ते आपल्या घोट्याला लागतात आणि कान वरून गुळगुळीत आवाज ऐकतो. मग ट्रेबल वाढवायचं आणि समोर बसलेल्यांचे कान टोचायचे. व्हिंटेज ३० सारख्या वरच्या मिड्सला पुढे आणणाऱ्या स्पीकरबाबत हे फार होतं. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा. एकदा समोरून ऐका, एकदा बाजूने.

पहिल्या दिवशी निकाल देणं

नवी कोल्हापुरी चप्पल पहिल्या दिवशी चावतेच. नव्या स्पीकरची कडाही ताठ असते, काही तास वाजवल्यावर थोडी सैलावते. थोडी, बरं का. बाकीचं काम आपला कान सवयीने करतो.

ओहम आणि वॅटचा घोळ

इथे टोनचा नाही, अ‍ॅम्प जळण्याचा प्रश्न आहे. ट्यूब अ‍ॅम्पला तो मागतो तेवढ्याच ओहमचा स्पीकर द्या. फेंडर ब्लूज ज्युनियरला ८ ओहम लागतो, व्हॉक्स एसी१५ मध्ये येणारा ग्रीनबॅक स्पीकर १६ ओहमचा असतो. दोन्ही १२ इंची, नजरेला फरक कळत नाही. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ आणि १६ चा १२ ते १३ दाखवतो, तेव्हा "मला खोटा माल दिला" म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला ४ च्या जागी ८ ओहम दिला तर तो जळत नाही, पण पॉवर जवळजवळ निम्मी होते. मग नवा स्पीकर 'मेलेला' वाटतो. म्हणजे पुन्हा तेच ३ डेसिबल, या वेळी उलट्या दिशेने.

वॅटचं सोपं आहे, स्पीकरचा वॅट म्हणजे तो किती पॉवर सोसतो: २५ वॅटचा ग्रीनबॅक १५ वॅटच्या अ‍ॅम्पला चालेल, फेंडरच्या ४० वॅटच्या हॉट रॉड डिलक्स अ‍ॅम्पला एकटा नाही. ट्यूब अ‍ॅम्प पूर्ण उघडला की लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्तच ढकलतो.

बसवल्यावर आवाज बिघडला तर

दोन स्पीकरच्या अ‍ॅम्पमध्ये बेस अचानक गायब झाला, आवाज पोकळ वाटला, तर एकाच्या वायरी उलट आहेत. वायरी सोडवून ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावा. बॅटरीचं प्लस लाल टर्मिनलला लागल्यावर कोन (स्पीकरचा कागदी पडदा) पुढे आला पाहिजे. जुन्या जेबीएल स्पीकरमध्ये तो मागे जातो, तेव्हा नुसत्या रंगावर विसंबू नका.

एकाच सुरावर खडखड होत असेल तर बहुतेक वेळा स्पीकर निर्दोष असतो. मागच्या पॅनेलचे स्क्रू, ट्यूब, कोनला टेकलेली वायर तपासा. सगळ्याच सुरांवर घासल्यासारखा आवाज येत असेल तर नट जास्त आवळून फ्रेम वाकली असेल. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे.

आवळताना दुसरा हात कोनवर आडवा धरा, कारण चुंबक स्क्रू ड्रायव्हर खेचून घेतो. नुकत्याच खोक्यातून काढलेल्या स्पीकरला मी असंच भोक पाडलंय. टिश्यू पेपर आणि पातळ केलेल्या फेविकॉलने ते बुजलं, पण तोंडचं पाणी पळालं होतं.

मुंबई-कोकणाकडच्यांसाठी एक खास गोष्ट. खाऱ्या दमट हवेत स्पीकरचे टर्मिनल काळे पडतात. नवा बसवताना वायरीची टोकं घासली जातात, जोड नीट होतो, आणि श्रेय मिळतं नव्या स्पीकरला. म्हणून तीच साफ केलेली वायर एकदा जुन्या स्पीकरला लावून बघा.

माझ्या ब्लूज ज्युनियरची तुलना मी शेवटी पातळी सारखी करून घेतली. भावाने फायलींची नावं बदलून ऐकवल्या. डिस्टॉर्शनला मी नवा निवडला, क्लीनला प्रत्येक वेळी जुना. आणि मी वाजवतो ते बहुतेक क्लीनच. जुना परत बसवला. नवा आता एका वेगळ्या कॅबिनेटमध्ये आहे, सरावाला तो येतो. ड्रमवाल्याची तक्रार अजून संपलेली नाही.